विस्तार झालेली दुकानं

"एजंट म्हंजे विम्याचा का गं?" आईनं विचारलं.

मी म्हटलं, नाही. मग जमिनीचा असेल, आरटीओच्या दारातला असेल, नाहीतर लग्नं जुळवणारा असेल, असं ती एकेक म्हणत गेली. सांगलीत एजंट या शब्दाचा गोतावळा इतका मोठा आहे की माझा एजंट त्यात कुठंच बसेना. मी तिला सांगितलं, हा माणूस नाही, कॉम्प्युटरातला आहे. त्याला साध्या भाषेत प्रश्न विचारायचा, तो साठवलेल्या माहितीत जाऊन शोधतो आणि उत्तर घेऊन येतो. माहिती असते लांब, कुठल्यातरी कंपनीच्या मोठाल्या यंत्रांवर, त्याला क्लाउड म्हणतात.

"मग तू काय करतीस?"

"मी त्याला आत जायचं दार करून देते. आत कुठल्या कप्प्यात काय आहे त्याच्या चिठ्ठ्या लावते. आणि त्यानं नुसतं बघावं, कशालाही हात लावू नये, एवढी सोय करते."

आईनं मेथीची जुडी सोडता सोडता विचार केला आणि म्हणाली, "म्हंजे अडत्या."

हळदीच्या बाजारात शेतकरी आणि खरेदीदार यांच्यामध्ये उभा असतो तो अडत्या. मी ऑफिसात नव्या पोरांना हेच समजावायला फळाभर बाण काढते. मी हसले, पण मनातून चिडलेच. मला तशीही पटकन चीड येते. स्वस्थ बसता येत नाही, फोनवर बोलताना मी घरभर फिरते, आणि एखादी गोष्ट बरोबर चालली असली की मला जास्तच धडकी भरते. बरोबर चाललंय म्हणजे कुठंतरी काहीतरी बघायचं राहिलंय, असं मला वाटत राहतं. त्या वर्षी ते खरं निघालं.

काम एका पशुखाद्याच्या कारखान्याचं होतं. सांगलीच्या बाहेर कारखाना, आणि सातारा-सांगलीच्या गावोगावच्या छोट्या दुकानांतून माल विकला जायचा. कारखान्याची विक्रीची माणसं मोटारसायकलवरून गावं फिरायची. प्रत्येक दुकानापाशी थांबून माल किती गेला ते मोबाइलमध्ये भरायची, आणि खाली 'शेरा' म्हणून एक चौकोन होता त्यात वाटेल ते लिहायची. हे शेरे वर्षानुवर्षं साचत गेले होते. कोणी वाचत नव्हतं. मालकांना एकच हवं होतं.

"ताई, मला रिपोर्ट नको," ते म्हणायचे, "मला उत्तर पायजे. मी इचारलं की त्यानं सांगायचं."

तसं मी केलं. एजंट डेटाबेसमध्ये जाईल, हवी ती ओळ काढेल, मराठी शेऱ्यांचं इंग्रजी करून घेईल, त्यांची वर्गवारी करेल आणि मालकांना दोन परिच्छेदांत उत्तर देईल. चाचण्या आम्ही सगळ्या इंग्रजीत घेतल्या. आमच्या ऑफिसात चहा मराठीत मागतात आणि काम इंग्रजीत करतात, त्यात कोणालाच काही वावगं वाटत नाही. मूळ शेरे उघडून बघायची सोय होती, पण ते बघायचे असते तर मग एजंट कशाला, असं मीच मालकांना ऐटीत सांगितलं होतं.

पहिल्याच दिवशी मालकांनी विचारलं, पूर्व भागात धंदा कुठं वाढतोय? एजंटानं क्षणभर थांबून उत्तर दिलं. जतच्या बाजूला गेल्या वर्षभरात बऱ्याच दुकानदारांनी आपल्या दुकानांचा विस्तार केला आहे, विक्रीच्या माणसानं तशी वारंवार नोंद केली आहे, तिथं कंपनीनं डेपो काढायला हरकत नाही. खाली गावांची नावं, छान ओळीत.

मालक खुर्चीतून उठलेच. "जतला? आमी तर तिकडं बघायचंच सोडलं हुतं!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "डेपोला माणूस भरवशाचा पायजे. तुमचा भाऊ आलाय न्हवं मिलिट्रीतनं?"

माझा भाऊ धाकटा. पेन्शन बसेपर्यंत फौजेत काढून नुकताच घरी आला होता. त्याची बायको-मुलगी मलकापूरला आमच्या जुन्या घरात, आणि आई माझ्याकडे सांगलीत. तो दोन्हीकडे ये-जा करायचा आणि दोन्हीकडे त्याचं मन लागत नव्हतं. लोणंदला एका कारखान्यात गेटवरच्या पहारेकऱ्यांचा प्रमुख म्हणून जागा चालून आली होती. पगार बरा, रेल्वेनं सोयीचं. पण त्याला ते नको होतं.

"जलमभर उभाच हाय गं मी," तो म्हणायचा. "बर्फात उभा, वाळूत उभा. आता लोणंदच्या गेटावर उभा. कवातरी खुर्चीत बसू द्याल का न्हाई मला?"

डेपोचं ऐकल्यावर तो खुर्चीत बसलाच. आमच्या घरी येऊन त्यानं टेबलावर शेडचा आराखडा काढला, इथं पोती, इथं काटा, इथं माझी खुर्ची. आई खूश. मालक खूश. मी मात्र स्वयंपाकघर ते गॅलरी आणि गॅलरी ते स्वयंपाकघर.

कारण ते गणित बसत नव्हतं. तो दुष्काळी पट्टा. त्या साली तिकडे टँकर चालू होते, मेंढपाळ मेंढरं घेऊन पाण्याच्या मुलखाकडे उतरत होते. कृष्णाकाठी आमच्याकडेच त्यांचे तळ पडले होते. गिऱ्हाईक गाव सोडून चाललंय आणि दुकानदार दुकान मोठं करतोय? मी एजंटाला पुन्हा विचारलं. शब्द बदलून विचारलं, उलटं करून विचारलं. त्यानं तितक्याच शांतपणे तेच सांगितलं. त्या शांतपणाचा मला राग यायला लागला. माणूस असता तर निदान एकदा तरी अडखळला असता.

"मला काहीतरी चुकतंय असं वाटतंय," मी भावाला म्हटलं.

"आक्का, तुजंच मशीन सांगतंय आन् तूच कुरकुर करतीस? सोताच्या पोराला कोन असं म्हनतं का?"

"मग आपण बघून येऊ. रविवारी. डोळ्यानं बघू."

"चल की," तो म्हणाला. "मला बी जागा बघायचीच हाय."

रविवारी सकाळी त्याच्या मोटारसायकलवर निघालो. मिरज मागं पडलं, ऊस विरळ झाला, मग द्राक्षाच्या बागा आल्या आणि त्याही संपल्या. मग नुसती ज्वारीची खुंटं आणि बाभळी. पाट्यांवर मराठीच्या शेजारी कानडी दिसायला लागलं. एका वळणावर मेंढरांचा कळप रस्त्यात आला तेव्हा भाऊ गाडी थांबवून निवांत बघत राहिला. गिऱ्हाईक चाललंय बघ, म्हणाला. मी म्हटलं, चाललंय खरं, पण तोंड सांगलीकडं हाय त्यांचं. तो हसला. त्याला त्या दिवशी कशाचंही हसू येत होतं.

पहिल्या गावातलं दुकान बंद होतं. "रविवार हाय. जेवाय गेला आसंल," भाऊ म्हणाला. सकाळचे अजून धड दहाही वाजले नव्हते.

दुसऱ्या गावातलं शटर गंजलेलं होतं. पायरीवर शेळी बसली होती आणि आमच्याकडं बघून उठायचीही तिला गरज वाटली नाही. भावानं शटरवरची फाटकी जाहिरात वाचली, मागं जाऊन डोकावून आला आणि म्हणाला, "इस्तार झालाय न्हवं? मग ह्या बारक्या जागंत कशाला बसंल? नव्या जागी गेला आसंल." आम्ही खरोखरच गावात नवी जागा शोधायला लागलो. पारावरच्या एका माणसाला भावानं विचारलं, पेंडीचं नवीन मोठं दुकान कुठं झालंय? त्या माणसानं आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, तुम्ही कोणाचे पाव्हणे?

मी मागं बसून एजंटानं दिलेली गावांची यादी पुन्हा वाचत होते. भाऊ मात्र शीळ घालत गाडी चालवत होता.

तिसऱ्या गावात दुकान वेशीलाच होतं. शटर खाली, आणि त्याच्या सावलीत एक म्हातारी बसलेली. डोक्यावरून पदर, हातात काठी, समोर तीन-चार मेंढरं. भाऊ गाडीवरून उतरला.

"आवं आजी, ह्या दुकानाचं काय झालं?"

"दुकान व्हय? वाढवून वरीस झालं की."

भाऊ माझ्याकडं वळला. त्याचा चेहरा इतका फुलला होता की तो मला आजही तसाच दिसतो. "ऐकलंस? म्हनलं न्हवतं? वाढवलंय!" आणि परत म्हातारीकडं बघून, "कुठशी वाढवलंय आजी? किती मोठं केलंय?"

म्हातारीनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. याला काही झालंय का, असं ते बघणं होतं.

"कुठशी म्हंजे? वाढवलं. त्ये शटर दिसंना व्हय तुला?"

मला तेव्हा कळलं. मी दुकानाच्या पायरीवर म्हातारीच्या शेजारी बसले.

आपल्याकडं नारळ फोडत नाहीत, वाढवतात. मंगळसूत्र तुटलं तर ते वाढलं म्हणायचं. संध्याकाळी दुकानदार दुकान बंद करत नाही, वाढवतो, आणि कायमचं बंद केलं तरी वाढवतोच. वाईट शब्द तोंडातून जाऊ नये म्हणून भरभराटीचा शब्द पुढं करायचा. हे सगळं मला लहानपणापासून ठाऊक. आणखी एक गोष्ट वाढवतात, तीही त्या पायरीवर बसल्या बसल्या आठवली, पण तिच्याकडं मी तेव्हा बघितलं नाही.

मी फोन काढला आणि मूळ शेरे उघडले. 'दुकान वाढवले. मालक मुंबईस मुलाकडे.' 'दुकान वाढवले, घरातल्या बाईंनी पाणी दिले.' 'दुकान वाढवले, मेंढरे विकली.' ओळीनं तेच, आणि शेजारचा विक्रीचा रकाना रिकामा. रिकामा रकाना सोडून दे, असं मीच एजंटाला सांगून ठेवलं होतं. एजंटानं याचं इंग्रजी केलं होतं, की दुकानाचा विस्तार केला. व्याकरणाच्या दृष्टीनं त्याचं काहीही चुकलेलं नव्हतं.

ते शेरे लिहिणाऱ्या विक्रीच्या माणसाला मी तिथूनच फोन लावला. तिकडचाच, वयस्कर माणूस. मी जरा तापूनच विचारलं, की तुम्ही सरळ बंद म्हणून का लिहीत नाही?

"ताई," तो दुखावल्यासारखा म्हणाला, "ज्येच्या हातचा च्या प्यालो त्येच्या दुकानाला बंद कसं लिवायचं? हात रेटत न्हाई."

मी फोन ठेवला आणि भावाला सगळं समजावून सांगितलं. तो उभ्यानंच ऐकत होता. डेपो नाही, विस्तार नाही, इथं जे होतं तेही गेलेलं आहे. मी म्हटलं, जाऊ दे, अजून काही बिघडलेलं नाही, तू लोणंदला होय म्हणून टाक.

तो गाडीची किल्ली बोटात फिरवत राहिला.

"काय झालं?"

"लोणंदला मी कळवलं," तो म्हणाला. "येत न्हाई म्हनून."

"कवा?"

"परवा. तू घरात फेऱ्या मारत हुतीस तवा."

मी त्याच्यावर ओरडले. वेशीत, परक्या गावात, म्हातारीसमोर. इतकी काय घाई होती, कोणाला विचारलं होतंस, घरी बायको-मुलगी आहे याचं भान आहे का. खरं तर मी घाबरले होते, आणि घाबरले की माझा आवाज असाच चढतो. तो सगळं ऐकून घेऊन फक्त एवढंच म्हणाला, "तुला मराठी येत न्हाई का गं, आक्का?"

असं कोणी मला कधी विचारलं नव्हतं. मला ते फार लागलं.

आमचं भांडण संपायची वाट बघत म्हातारी शांत बसली होती. आम्ही गाडीवर बसायला लागलो तेव्हा तिनं विचारलं, "तुमी घालताय का दुकान? भुश्शाच्या पोत्यापायी आमाला जतला जायाला लागतं." भावानं उत्तर दिलं नाही. गाडीला किक मारली.

सोमवारी मी मालकांना सांगितलं. ते आधी खो खो हसले, मग हसता हसता त्यांच्या लक्षात आलं की आपण डेपोची गोष्ट चारचौघांत बोलून बसलोय, आणि त्यांचा चेहरा उतरला. डेपो रद्द झाला. लोणंदला भावानं फोन केला तर ती जागा दुसऱ्या एका माजी सैनिकाला दिलेली होती. तो आमच्याकडं येऊन दाराशी जमिनीवर बसला तो बसूनच राहिला. खुर्च्या होत्या, पण खुर्चीत बसेना.

मला एजंट दुरुस्त करायचा होता. डेटाबेसच्या प्रत्येक कप्प्याला मी चिठ्ठी लावते म्हटलं ना, ती चिठ्ठी म्हणजे एजंटासाठी लिहिलेली सूचना. या रकान्यात काय असतं, कुठल्या शब्दाचा काय अर्थ धरायचा. आमच्या सगळ्या चिठ्ठ्या इंग्रजीत होत्या. आता मला त्यात मराठीतली ही सगळी उलटी बोलणी लिहायची होती, आणि ती मला एकटीला पुरी आठवेनात. मी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आईसमोर बसले. झालेला सगळा घोळ तिला सांगितला आणि म्हटलं, सांग, आपल्याकडं काय काय वाढवतात?

आई हसली. तिला गंमत वाटली. "नारळ वाढीवत्यात. दुकान वाढीवत्यात. जेवान वाढत्यात, पर त्ये येगळं."

"वेगळं हे त्याला कळणार नाही, सांग."

"त्येला काय कळतंय मग?" तिनं आणखी एक-दोन सांगितले. दिवा विझवत नाहीत, त्याला निरोप देतात. घरातले तांदूळ संपले असं म्हणायचं नाही, वाढले म्हणायचं. मी भराभरा लिहीत होते. मग ती थांबली. मीही थांबले. मला माहीत होतं काय राहिलंय, आणि मी ते आपणहून म्हणणार नव्हते.

"आन् बांगड्या," आई म्हणाली. "लिव की. ती कशाला सोडतीस?"

मी लिहिलं नाही. तिच्या हातांकडं बघितलं. माझ्या आठवणीत ते हात रिकामेच आहेत.

"तुला ध्यानात हाय का?" तिनं विचारलं.

मला थोडंच आठवतं. वडील गेले तेव्हा मी शाळेत नुकतीच जायला लागले होते. घर बायकांनी भरलं होतं. कोणीतरी म्हटलं, बांगड्या वाढवा हिच्या. मी ते ऐकलं. वाढवा म्हणजे आणखी घाला, हे मला समजत होतं, मला मराठी चांगलं येत होतं. मला कोपरापर्यंत बांगड्या घातलेली नवरी दिसली. मग कोणीतरी माझा दंड धरून मला ओढत परड्यात नेलं, आणि मी काय चूक केली ते मला कोणीच सांगितलं नाही. एवढंच.

"तू पळत आलीस," आई म्हणाली. तिनं मेथी निवडणं थांबवलं नव्हतं. "आन् म्हनलीस, हिरव्या वाढवा, लाल नगं. आईला हिरव्या शोभत्यात. समद्या बाया रडायच्या थांबल्या. मला तवा हसू आलं बग. त्या दिसात तेवढं एकदाच."

दाराशी बसलेला भाऊ हे ऐकत होता हे आम्ही दोघी विसरलो होतो.

"मी कुठं हुतो?" त्यानं विचारलं.

"माज्या मांडीवर. काच लागंल म्हनून तुला शेजारनीनं उचलून न्हेलं. तू लय रडलास. तुला भूक लागली हुती."

भाऊ तिच्याकडं बघत राहिला. वडिलांची त्याला आठवण नाही, फोटोही एकच. त्या दिवसात आपण कुठंतरी होतो, हे त्याला बहुतेक पहिल्यांदाच समजत होतं. आई म्हणाली, "आन् तुमच्या बापाचं सायकलीचं दुकान त्येच आठवड्यात वाढवलं. कुलूप म्याच लावलं. लोकं म्हनली, बाईमानसानं लावू नगा. मग कोन लावनार? तू रांगत हुतास." मग लॅपटॉपकडं हनुवटी करून मला म्हणाली, "त्या मशीनला कशाला बोल लावतीस? तू बी तसंच म्हनलीस की."

मी उठून गॅलरीत गेले. मला रडू येत होतं आणि ते कोणाला दाखवायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाऊ कोणाला न सांगता जतच्या बाजूला गेला. संध्याकाळी परत आला तो दुकान भाड्यानं घ्यायचं ठरवूनच. तेच वेशीवरचं. मी पुन्हा भांडले. वर्षापूर्वी त्याच जागेत एकाचं दुकान चाललं नाही, याचं कसं चालणार? भावजय मलकापूरहून फोनवर माझ्याहून जोरात भांडली आणि मुलीची शाळा सोडून आपण तिकडं येणार नाही असं तिनं सांगून टाकलं. तो सगळ्यांचं ऐकत होता.

"म्हातारीनं इचारलं हुतं," तो म्हणाला. "मी जबाब न देताच आलो."

"एका म्हातारीसाठी दुकान काढतात का?"

"तिच्यासाठी न्हाई गं. कुनीतरी इचारलं, तुमी घालताय का म्हनून. इतकी वर्सं मला निसतं सांगितलंच हाय लोकांनी. हिकडं उभा ऱ्हा, तिकडं उभा ऱ्हा. इचारलं कुनी न्हवतं."

मालकांनी डेपो दिला नाही, पण पोती द्यायला कबूल झाले. मुहूर्ताला आम्ही सगळे गेलो, भावजयही तोंड फुगवून का होईना आली. म्हातारी मेंढरांसकट हजर होती. आईनं भावाच्या हातात नारळ दिला आणि म्हणाली, "वाढव." तो शब्द ऐकताच आम्ही सगळे एकदम गप्प झालो, आणि मग एकदम हसलो. म्हातारीला कळेना आम्हाला काय झालं.

तोपर्यंत माझी चिठ्ठी लिहून झाली होती. त्यात मी एजंटाला सांगितलं, 'दुकान वाढवले' म्हणजे दुकान बंद केले. पण रोजच्यापुरतं की कायमचं, हे त्या शब्दावरून कळत नाही. त्या दुकानाची पुढची नोंद आली आहे का ते बघावं. नसेल तर अंदाज करू नये, सांगता येत नाही असं सांगावं. एजंट आता अगदी तसंच करतो. कोणी विचारलं की म्हणतो, अद्याप सांगता येत नाही. त्याला यात काही जड जात नाही. तो थांबू शकतो.

मला थांबता येत नाही. भाऊ रोज दिवेलागणीला शटर ओढलं की मेसेज पाठवतो, 'आक्का, वाढवलं.' सकाळी 'उघडलं.' सुरुवातीला ती आमची थट्टा होती. आता ती राहिलेली नाही. धंदा बेताचा आहे. यंदाही तिकडं पाऊस हूल देऊन गेला, मेंढरं लवकर खाली उतरली, म्हातारीचा मुलगाही कळप घेऊन नदीकाठाला आला. भाऊ फोनवर सगळं ठीक आहे म्हणतो, पण तो फौजेत असतानाही असंच म्हणायचा. परवा मी विचारलं, खरं सांग, चाललंय का? तर म्हणाला, खुर्ची हाय, बसतोय. पोती किती गेली ते मी कारखान्याच्या डेटाबेसमध्ये बघू शकते, दार माझंच आहे. पण मी बघत नाही. त्यानं सांगावं, असं मला वाटतं.

काल संध्याकाळी मेसेज आला त्यात आक्का नव्हतं. नुसतं 'वाढवलं.' मी फोन लावला, लागला नाही. तिकडं रेंज जाते, ते मला ठाऊक आहे. तरी मी स्वयंपाकघर ते गॅलरी आणि गॅलरी ते स्वयंपाकघर सुरू केलं. आई कणीक मळत होती. थोडा वेळ तिनं मला जाऊ-येऊ दिलं.

"काय म्हनतोय?" तिनं विचारलं.

"वाढवलं म्हणतोय."

आईचे हात थांबले. "कंचं वाढवलं?"

"सकाळी कळंल," मी म्हटलं आणि फोन ओट्यावर ठेवला.

तिनं कणकेचे हात तसेच ठेवून फोनकडं बघितलं. मग स्टूल ओढून त्याच्याजवळ बसली.